गांजाला मोकळीक द्यावी काय? आंदर मावळातील एक चर्चा

कान्हे फाट्यावरून आत वळले की इंद्रायणीवरचा पूल लागतो, पुढे टाकवे बुद्रुक येते आणि तेथून आंद्रा नदीच्या खोऱ्याने जाणारा रस्ता वडेश्वर, खांडी अशी गावे मागे टाकत सह्याद्रीच्या कड्याशी जाऊन भिडतो. हा आंदर मावळ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बँकेच्या ग्रामीण कर्जांचे काम माझ्याकडे होते, तेव्हा या खोऱ्यात मी मोटारसायकलने हिंडत असे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ साली आला होता आणि त्याच्या लागवडीसाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याला ‘आंबेमोहोर सोडून हे नवे कशाला?’ असे मी मोठ्या शहाणपणाने विचारत असे. माझा अंदाज किती चुकला, हे आज कोणत्याही किराणा दुकानातील पोती सांगतील. तेव्हा पुढे मी जे मत मांडणार आहे, तेही वाचकांनी याच मापाने तोलून घ्यावे.

त्या काळात ज्यांचे कॅश क्रेडिट खाते मी मंजूर केले, असे एक व्यापारी कुटुंब आजही त्या भागात आहे. किराणा, खते, बियाणे असा तीन पिढ्यांचा व्यवहार. शेठजी आता पंचाहत्तरीला आले. ठोकळवाडी धरणाच्या जलाशयापासून जवळच त्यांची दोन एकर जमीन आहे. हे धरण टाटांनी १९२२ च्या सुमारास बांधले. त्याचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्राला जाते. शंभर वर्षे या पाण्याकडे कोणी मौजेसाठी फिरकले नव्हते. पण पवना धरणाच्या काठावर तंबूंचा धंदा फोफावला आणि त्याची लाट हळूहळू इकडेही आली. शेठजींनी जमीन अकरा महिन्यांच्या कराराने एका ठेकेदाराला दिली. तो शनिवार-रविवारी तंबू ठोकतो, शेकोटी पेटवतो, पुण्या-मुंबईची मुले येऊन राहतात. भाताच्या उत्पन्नाशी तुलना केली तर भाडे कितीतरी अधिक होते, त्यामुळे घरात कोणी हरकत घेतली नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका शनिवारी रात्री तेथे पोलीस आले. काही मुलांजवळ गांजाच्या पुड्या सापडल्या. चार दिवसांनी शेठजींना जबाबासाठी बोलावणे आले. ते कागद घेऊन थेट तळेगावला माझ्या घरी आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “साहेब, तंबू माझे नाहीत, मुले माझी नाहीत, माल माझा नाही. मग बोलावणे मला का?”

मी वकील नाही. परंतु तारण आणि मालकी यांच्या कागदांत आयुष्य गेल्यामुळे कायद्याचे पुस्तक उघडायची भीती वाटत नाही. आम्ही दोघांनी अमली पदार्थविरोधी कायदा समोर ठेवला. संसदेने हा कायदा १९८५ मध्ये केला. त्याच्या पंचविसाव्या कलमात असे आहे की, घर, खोली, आवार, जागा किंवा वाहन यांचा मालक अथवा कब्जेदार जाणूनबुजून तेथे अशा गुन्ह्याला मुभा देत असेल, तर मूळ गुन्ह्याची जी शिक्षा तीच त्याला लागू होते. सारा भार ‘जाणूनबुजून’ या एका शब्दावर आहे. शेठजींना खरोखरच काही ठाऊक नव्हते, म्हणून जबाबावर विषय थांबला. पण मी त्यांना म्हटले, “शेठजी, पहिल्या वेळी ठाऊक नव्हते हे खरे. आता ठाऊक झाले आहे. पुढच्या वेळी हे उत्तर चालणार नाही.” आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी मावळात, मुळशीत, लोणावळ्याच्या आसपास जमिनी घेतल्या आहेत आणि त्या अशाच भाड्याने दिल्या आहेत. त्यांनी हे एक कलम तरी वकिलाकडून समजावून घ्यावे. स्वतःच्या शेतात कोणी गांजाची बेकायदा लागवड केली, तर ती कळताच अधिकाऱ्यांना कळवण्याचे कर्तव्यही याच कायद्याने जमीनधारकावर टाकले आहे.

उठता उठता शेठजी म्हणाले, “आमचा नातू टोरंटोला आहे. तो सांगतो, तिकडे ही वस्तू दुकानात बिल देऊन मिळते. आपल्या सरकारनेही एकदाची मोकळीक दिली, तर ही कटकटच मिटेल ना?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. नंतर वर्षभर मी त्याविषयी वाचत आणि विचारत राहिलो.

आपल्याला वाटते की गांजाविषयी लोकमत अजमावण्याची कल्पना परदेशातून आली. प्रत्यक्षात त्याची सर्वांत मोठी चौकशी आपल्याच देशात, इंग्रजांच्या काळात झाली. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये एका सभासदाने प्रश्न उपस्थित केला की, हिंदुस्थानात गांजा विकू देऊन सरकार लोकांना बिघडवत तर नाही ना? त्यावरून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने सत्तर प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले. त्यात अधिकारी होते, डॉक्टर होते, वैद्य, शेतकरी, ठेकेदार, मिशनरी होते. मुंबई इलाख्यात तेव्हा नगर, सातारा या भागांत गांजा पिकत असे आणि १८७८ च्या अबकारी कायद्याखाली परवान्याच्या दुकानांत विकला जाई. म्हणजे आपले पणजोबा ज्या बाजारात गूळ आणि तूरडाळ विकत होते, त्याच बाजारात सरकारमान्य गांजाचे दुकानही होते.

आयोगाने एक काम मात्र असे केले की, हिशेबाची सवय असलेल्या माणसाने त्याला दाद द्यावी. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण वहीत ‘गांजा’ असे लिहिलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले. तेव्हा गांजाशी खरोखर संबंध लावता येईल अशी केवळ ९८ प्रकरणे उरली आणि त्यातही निव्वळ गांजाची ६१. बाकीच्या ठिकाणी, दुसरे कारण सापडले नाही म्हणून कारकुनाने गांजा लिहून टाकला होता. बँकेत थकबाकीचे कारण ‘अवर्षण’ असे ठोकून देणारे सहकारी मला आठवले.

१८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, अतिसेवन घातक आहे, सरसकट बंदीची गरज नाही. कर बसवावा, परवाने मर्यादित ठेवावेत. मोकळीक मागणारे लोक आज हा अहवाल वारंवार पुढे करतात. पण दोन गोष्टी ते सहसा सांगत नाहीत. एक म्हणजे, ज्या सरकारने हा आयोग नेमला त्याच सरकारच्या तिजोरीत या दुकानांचे उत्पन्न जमा होत होते. दुसरी म्हणजे, आयोगातील तीन हिंदी सदस्यांपैकी राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघांनी बहुमताशी असहमती नोंदवली. आणि आणखी एक प्रश्न मला राहून राहून पडला. ज्या बायकांचे नवरे रोज चिलीम ओढत होते, त्यांना कोणी विचारले असेल काय?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आपल्या राज्यात गांजा-भांगेवरही बंधने घातली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला कडक यादीत टाकले गेले. त्या करारानुसार १९८५ चा केंद्रीय कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. निव्वळ पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून काशीत भांगेचे सरकारमान्य दुकान दिसते, आणि आपल्याकडे राज्याच्या कायद्यामुळे तीच भांग विनापरवाना जवळ बाळगता येत नाही.

गेल्या भाद्रपदात, संवत्सरीनंतर क्षमापनेसाठी मी शेठजींच्या घरी गेलो. ओसरीवर दहा-पंधरा व्यापारी मंडळी बसली होती. विषय निघालाच. मी म्हटले, चर्चा नको, हात वर करा. पहिला प्रश्न: गांजा खुला करावा काय? एकही हात वर गेला नाही. दुसरा प्रश्न: तुमच्या नातवाच्या खिशात दोन ग्रॅम सापडले, तर त्याला तुरुंगात टाकावे काय? याही वेळी एकही हात वर गेला नाही. तिसरा प्रश्न मी गमतीने विचारला: सरकारने उद्या परवाना काढला आणि तो तुमच्या दुकानाच्या नावाने मिळणार असला, तर घ्याल काय? हशा झाला. मग क्षणभर शांतता, आणि कोपऱ्यातून एक प्रामाणिक आवाज आला, “मार्जिन किती?”

लोकमत अजमावणारे फक्त पहिलाच प्रश्न विचारतात. अमेरिकेत गॅलप ही संस्था तो १९६९ पासून विचारत आली. त्या वर्षी शंभरांत बारा जण ‘खुला करा’ म्हणाले होते. २०१३ मध्ये हा आकडा ५८ झाला आणि २०२३ मध्ये ७०. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्याने विक्री सुरू केली. न्यूझीलंडने २०२० मध्ये सार्वमत घेतले, तेथे ५०.७ टक्क्यांनी ‘नको’ म्हटले आणि ४८.४ टक्क्यांनी ‘हवे’. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून थोडा गांजा जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडे लावायला मुभा दिली, पण बाजारात दुकाने उघडली नाहीत. थायलंडची गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकाने निघाली, लोकांनी भांडवल गुंतवले. आणि जून २०२५ मध्ये सरकारने फुलोरा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा आदेश काढला. सरकारच्या मतावर उभारलेल्या धंद्याला कर्ज देताना बँकेचा माणूस का कचरतो, हे यावरून कळावे.

आपल्या देशात पहिल्या प्रश्नावर मतदान कधी झाले नाही. किती लोक सेवन करतात याची पाहणी मात्र झाली. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या अहवालानुसार दारू पिणारे सुमारे १६ कोटी, तर भांग, गांजा, चरस मिळून ३ कोटी १० लाख. त्यातही भांग घेणारेच अधिक. या ३ कोटी १० लाखांपैकी सुमारे ७२ लाख लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे, असे त्या पाहणीत दिसले. मोकळीक मागणारे म्हणतात, पाहा, दारूपेक्षा गांजा कितीतरी कमी आहे. हो, पण दारू खुली आहे म्हणूनच सोळा कोटी आहे, असेही वाचता येते.

नातवाचा फोन त्या संध्याकाळी आला. तो हुशार मुलगा आहे, स्वतः सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. “काका, इथे वय तपासतात. ओंटारिओत एकोणीस वर्षांखालच्याला देत नाहीत. पाकिटावर किती मात्रा आहे ते छापलेले असते. तुमच्याकडे तंबूत जे येते त्यात काय मिसळले आहे, हे कोणाला माहीत आहे? बंदी आहे, तरी तो आलाच ना?” याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नव्हते, आणि हे मी इथे मान्य करतो. बंदी आणि वस्तुस्थिती यांतील अंतर आपल्याला नवे नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तो कोठे मिळतो, हे वाचकांतील किती जणांना सांगता येईल, हे मी विचारत नाही.

फोनवरचे बोलणे दादीसा आतल्या खोलीच्या दारात बसून ऐकत होत्या. त्यांनी वेगळाच धागा काढला. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना श्रावक पंधरा कर्मादाने म्हणतो. ज्या धंद्यांत हिंसा आणि अनर्थ मोठा, ते धंदे करू नयेत, असा त्यांचा आशय. त्यात रसवाणिज्य आहे, विषवाणिज्य आहे. दादीसा म्हणाल्या, “कायद्याने परवानगी दिली म्हणून विषवाणिज्य यादीतून निघते का? आणि त्यात भाडीकम्मेही आहे. तुम्ही जमिनीचे भाडे घेता.” शेठजी म्हणाले, ते गाड्या आणि बैल भाड्याने देण्याविषयी आहे, जमिनीविषयी नव्हे. शास्त्रार्थाने शेठजी बरोबर होते. पण कोणी हसले नाही. दादीसा एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी दुकानाच्या फळीवर मांडलेल्या विडीच्या बंडलांचा आणि तंबाखूच्या पुड्यांचाही उल्लेख केला, आणि तेव्हा ओसरीवरील बहुतेकांना चहाची आठवण झाली.

माझे मत आता सांगतो. दुकान उघडू नये. एकदा परवाना निघाला की महसूल येतो, आणि महसुलाची सवय सरकारला लागते. दारूच्या बाबतीत आपण हे पाहतोच आहोत. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. मात्र या राज्यात एक चांगली तरतूद आहे. पुरेशा मतदारांनी मागणी केली तर गावातील दारूदुकानावर गुप्त मतदान होते, उभी बाटली की आडवी बाटली, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. उद्या कधी काळी गांजाच्या परवान्याचा प्रस्ताव आलाच, तर तो टाकव्याच्या आणि वडेश्वरच्या बायकांपुढे अशाच चिठ्ठीवर ठेवावा. १८९३ मध्ये जे राहिले असावे असे मला वाटते, ते तेव्हा पूर्ण होईल.

पण नातवाच्या बाजूचेही मी काही उचलले आहे. आज एक किलोहून कमी गांजा कायद्याने ‘अल्प प्रमाण’ समजला जातो. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नुसत्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. वीस किलोहून अधिक बाळगणाऱ्याला दहा ते वीस वर्षे. विकणाऱ्यावर कायदा असाच कडक राहावा. परंतु पहिल्यांदा सापडलेल्या पोराच्या नावाने गुन्हा नोंदला गेला की नोकरी, पासपोर्ट, व्हिसा, सोयरीक, सगळीकडे तो आडवा येतो. याच कायद्यात चौसष्ट-अ हे एक कलम आहे. व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाली, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार पूर्ण केले नाहीत, तर ही सवलत काढून घेता येते. हे कलम किती आईवडिलांना ठाऊक आहे? माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाला तीन वर्षे हे व्यसन होते. ‘समाजात कळेल’ म्हणून त्याला डॉक्टरकडे नेले नाही. मावशीकडे, मग मामाकडे, मग दुसऱ्या शहरातील पेढीवर असे फिरवत ठेवले. शेवटी पेढीचा हिशेब जुळेना तेव्हा सगळ्यांना कळलेच.

शेठजींच्या कराराची मुदत दिवाळीच्या पाडव्याला संपत होती. ठेकेदार वाढीव भाडे घेऊन आला. मी सुचवलेल्या अटी शेठजींनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिल्या: येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची नोंदवही, रात्री मालकाच्या माणसाला तंबूपर्यंत जाण्याचा हक्क, अमली पदार्थ आढळताच करार रद्द. ठेकेदाराने सही केली, फार खळखळ न करता. इतक्या सहज केलेली सही मला बँकेतही आवडत नसे.

दादीसांना हा करार मान्य नाही. त्या भाड्याचा एक पैसाही घरखर्चात येऊ देत नाहीत; ती रक्कम वेगळ्या डब्यात पडते आणि दर महिन्याला पांजरपोळीला जाते. असे केल्याने काय साधते, हे मी विचारले नाही. नातू डिसेंबरात येणार आहे. दादीसांनी त्याला फोनवरच सांगून ठेवले आहे की, आल्यावर एक शनिवारची रात्र त्या तळ्याकाठी काढ आणि तिथे काय दिसते ते सकाळी येऊन मला सांग.